माळावरचा कप्तान

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरीही गेल्या कार्तिकात मी सांगलीहून तिकडे निघालो, ते एक गलबत आणि एक कप्तान पिशवीत घालून आणण्यासाठी. बायकोला इतकंच सांगितलं, की परतूरला जरा काम आहे.

"पुस्तक?" तिने विचारलं.

"काम."

"मग जुनी चादर ने. मागच्या वेळी चांगल्या टॉवेलात गुंडाळून वाळवी आणली होतीस."

मला जुन्या साहसकथांच्या सचित्र आवृत्त्या जमवायचा नाद आहे. साध्या आवृत्त्या नव्हेत. कापडी बांधणी हवी, पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत, आणि आत रंगीत चित्रं अशी हवीत की जी वेगळ्या कागदावर छापून मग जाड तपकिरी पानावर नुसत्या वरच्या कडेने डिंक लावून डकवलेली असतात. वर पातळ दुधी कागदाचा पडदा असतो. तो पडदा बोटाने उचलताना जो बारीक सळसळ आवाज येतो, त्यापायी मी आजवर नातेवाइकांची दोन लग्नं आणि एक बारसं चुकवलं आहे.

'तांबड्या शिडाचं गलबत' हे अशा पुस्तकांतलं माझं दुखणं. मूळ कादंबरी कुणा परदेशी माणसाची, तिचं कुणीतरी रसाळ मराठी रूपांतर केलं आणि एका हौशी संस्थानिकाने तीन खंडांत मोजक्या प्रती काढल्या. पहिला खंड मला कोल्हापूरला रद्दीत मिळाला, तिसरा बेळगावला एका निवृत्त न्यायाधीशांच्या घरी. दुसरा कुठेच नाही. तिसऱ्या खंडाच्या शेवटी कप्तान मोठ्या मनाने सगळ्यांना क्षमा करतो. तो उतारा वाचून मी दर वेळी गहिवरतो, पण कुणी नेमकं काय केलं होतं याचा मला पत्ता नव्हता.

तेवढ्यात जालन्याच्या एका रद्दीवाल्या स्नेह्याने फोटो पाठवला. लाकडी फळीवर दुसरा खंड. खाली एक ओळ: परतूर, फोटोफ्रेमचं दुकान. मी ठरवलं, आता हा खंड पुरा घेऊनच घरी यायचं. ठरवणं मला चांगलं जमतं. पुढचं जमत नाही.

परतूर

परतूरला उतरलो तर बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पांढरं पांढरं पसरलेलं. कापसाचे टेम्पो एकामागून एक चालले होते आणि प्रत्येक टेम्पो थोडा थोडा कापूस रस्त्याला देत होता. आमच्याकडे सांगलीला हळदीच्या दिवसांत रस्ते पिवळे होतात, तसे इथे पांढरे.

दुकान सलीमभाईंचं. वय पन्नाशीचं, मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल. भिंतीभर देव, मक्केची चित्रं, नवरानवरी, धबधबे आणि हार घातलेली माणसं, सगळी एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने टांगलेली.

"कोनाचा फोटो बनवायचा, साहेब?"

मी म्हटलं, फोटो नाही, पुस्तक पाहायचंय. त्यांनी फळीवरून ते काढलं, फुंकर मारली आणि माझ्यासमोर ठेवलं. अशा वेळी घाई करायची नसते. मी शांतपणे पिशवीतून माझे पांढरे सुती हातमोजे काढले आणि चढवले. दुर्मीळ पुस्तकाला घामाचा हात लावू नये, असा आमचा दंडक आहे.

सलीमभाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग दुकानाबाहेर डोकावून पाहिलं.

"बाकीचे बँडवाले मागून येऊन राह्यले का?"

मी मोजे काढून खिशात घातले. तेवढ्यात चहा आला. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का. इथे विचारत नाहीत. चहा येतो, आणि नको म्हटलं तर जास्त साखरेचा येतो.

खंड अस्सल होता. कापड थोडं विटलेलं, सोनं जागच्या जागी. मी एकेक चित्र उघडत गेलो. तोफांची लढाई. दलदलीतली मगर. कैद्यांची होडी. प्रत्येकावरचा दुधी पडदा शाबूत. आणि मग एका पडद्याखाली रिकामं तपकिरी पान आलं. वर डिंकाची रेघ, मध्ये काही नाही, खाली छापील ओळ: 'तांबडं शीड क्षितिजावर दिसलं.' पुढे आणखी एक रिकामं पान. त्याखाली: 'कप्तान उंचावरून दूर पाहत राहिला.'

"ह्यातली दोन चित्रं कुठायत?"

"अब्बानी काढली." सलीमभाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला खुर्ची शोधावी लागली.

हकीकत अशी. फ्रेमच्या पाठीला लावायला पुठ्ठा लागतो. त्यासाठी अब्बा जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे वापरायचे. कुठल्याशा शाळेने उंदरांनी खाल्लेली पुस्तकं काढून टाकली, ती त्यांनी वजनावर आणली. बाकीच्यांची आतडी बाहेर काढून झाली. याचा पुठ्ठा मात्र मोठा आणि मजबूत, तेव्हा एखाद्या मोठ्या फोटोसाठी ठेवू म्हणून ठेवला, आणि असा मोठा माणूस परतुरात कधी मेलाच नाही. चित्रं मात्र गिऱ्हाइकाला आवडली तशी ओल्या फडक्याने सोडवून, काचेत बसवून दिली.

"कोणाला दिली, कुणास ठाऊक," मी म्हणालो.

"मला ठाऊक. काच फुटली की माझ्याकडंच येतेत ना. एक वाटूरला हाटेलात, एक तीर्थपुरीला."

पुस्तकाचा सौदा झाला. कितीला, ते लिहीत नाही. हे लिखाण घरातही वाचलं जातं. मी उठलो आणि उद्याच दोन्ही गावं करतो म्हणालो.

"वाटूरचं भेटंल तुम्हाला," सलीमभाई कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवत म्हणाले. "तीर्थपुरीचं न्हाई भेटायचं."

"का?"

"चला, मीच येतो संगं. एकटे गेले तर मार खासाल."

वाटूर

सकाळी सलीमभाईंच्या मोटारसायकलवर निघालो. पुढे ते, मागे मी, दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेला दुसरा खंड, आणि माझ्या काखेत धबधब्याची एक तयार फ्रेम. ती सलीमभाईंनीच घ्यायला लावली होती. म्हणाले, "भिंत उघडी ठेवून माणूस चित्र देत न्हाई." दोन पिढ्यांच्या धंद्यात कळलेली गोष्ट त्यांनी मला फ्रेमच्या किमतीत दिली.

वाटूरच्या फाट्यावरचं हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकं आणि दारातच एक दणदणीत कढई. मालक बंडूशेठ उघड्या अंगाने भजी सोडत होते. कढईच्या थेट वर, धुराने पिवळं पडलेल्या काचेत, माझं गलबत.

"ते जहाज द्याल का?" मी एकदम विचारलं. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. इथे आधी बसायचं असतं, खायचं असतं, पाऊसपाणी विचारायचं असतं.

"आधी भजे खा," बंडूशेठ म्हणाले.

मी खाल्ली. कांद्याची, मग मिरचीची, मग पुन्हा कांद्याची. शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा होता. तो मी चटणी समजून चमच्याने घेतला. पुढचा काही वेळ समोरचा रस्ता, टेम्पो आणि सलीमभाई हे सगळं मला पाण्याखालून दिसत होतं. बंडूशेठनी गुळाचा खडा पुढे केला.

"अन् जहाज न्हेऊन करणार काय?"

"पुस्तकात परत लावणार."

"मंग वाचणार कधी?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या क्षेत्रात कुणीच देत नाही. मी धबधब्याची फ्रेम पुढे केली. बंडूशेठनी ती हात लांब करून पाहिली. "ह्यात पाणी जास्त हाय," ते समाधानाने म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी दिसलं की गिऱ्हाईक टिकून बसतंय. घ्या काढून."

मला धीर नव्हता. दुसऱ्या कुणी काढायच्या आत मी बाकावर चढलो, फ्रेम खिळ्यावरून सोडवली, छातीशी धरली आणि विजयी मुद्रेने एक पाऊल मागे टाकलं. मागे बाक संपलं होतं. खाली बेसनाच्या पिठाची पातेली होती. माझा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत त्यात गेला, पण फ्रेम मी वरच धरली होती. एवढ्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

हॉटेलात कुणी हसलं नाही. तेच वाईट. बंडूशेठ थोडा वेळ माझ्या पायाकडे पाहत राहिले.

"सलीमभाई, ह्यांला तीर्थपुरीला न्हेऊन राह्यले का तुम्ही?"

"हौ."

"तिथं बाई म्हातारी हाये. जरा जपून."

पिठाची भरपाई मी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. उलट एका पुडक्यात भजी बांधून दिली. ती पिठात पाय पडण्याआधीची आहेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिथेच बाकावर सलीमभाईंनी फ्रेमच्या पाठीचे खिळे पक्कडीने काढले. काचेआड चित्र कोरं करकरीत होतं, रंग कालचे वाटावेत असे. रिकाम्या तपकिरी पानावर ते ठेवून पाहिलं. डिंकाच्या जुन्या रेघेवर बरोबर बसलं. आता एकच पान रिकामं होतं, आणि मी मनातल्या मनात कपाटात तिन्ही खंड लावूनही टाकले.

तीर्थपुरी

पुढचा रस्ता उसाचा, कापसाचा आणि मधूनच मोसंबीच्या बागांचा. वाटेत एका ठिकाणी मेंढरांचा कळप आडवा गेला आणि सलीमभाईंनी गाडी बंद करून निवांत उभी केली. आमच्याकडे अशा वेळी हॉर्न वाजवतात. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "वाजवून बघा. मेंढरू थांबतंय, जात न्हाई."

घर गावाबाहेर, पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. रामकिसन नावाचा पन्नाशीचा माणूस बाजेवरून उठला, सलीमभाईंना "या, लई दिसांनी" म्हणाला. मला पाहून आत हाक दिली, "माय, पाव्हणे आले." आत शिरलो, आणि समोरच्या भिंतीवर तो.

डोक्याला गुंडाळलेलं तांबडं फडकं, वाऱ्याने उडालेली दाढी, खांद्यावरून लोंबणारा जाड झगा, एका हातात लांब दुर्बीण, दुसरा हात कपाळाशी धरलेला. खडकावर उभा राहून तो दूर पाहत होता. मागे निळंशार. चित्रकाराने त्या डोळ्यांत जे काही घातलं होतं, ते मी इतकी वर्षं पहिल्या आणि तिसऱ्या खंडात शोधत होतो. काचेवर कपाळाच्या जागी गंधाचा ठिपका होता आणि फ्रेमला चंदनाच्या सालीचा हार.

हार मला दिसला, नाही असं नाही. पण तो मेंदूपर्यंत पोचायच्या आत तोंड सुटलं होतं.

"हाच तो. समुद्रावरचा सगळ्यात मोठा लुटारू."

रामकिसनचा चेहरा बदलला. "कोन लुटारू? आमच्या बापाला म्हणून राह्यले का?"

सलीमभाई मधे पडले. "अरे तसं न्हाई. ते सांगलीचे हाईत. तिकडं बोलायची तऱ्हाच तशी." माझ्या गावाची अशी बदनामी माझ्यासमोर कधी झाली नव्हती, पण मी मान डोलावली.

आतून गयाबाई आल्या. रामकिसनची आई. बारीक, वाकलेल्या, हिरवं लुगडं. येता येता त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मला वाटलं परक्या पुरुषासाठी असेल. पण माझ्याशी बोलताना पदर घसरला तरी त्यांनी तो सावरला नाही.

"बसा. आधी भाकर खा. मंग भांडा."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्चा कांदा बुक्कीने फोडून. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड. ती नुसती पाण्यात उकळली तरी आमटी होते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. या वेळी ठेच्याला हात लावला नाही.

जेवताना कळलं ते असं. गयाबाईंचे मालक मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, ते मिरगाच्या तोंडाला परत. जत्रेत फोटोवाला यायचा तेव्हा ते गोदाकाठाला कुठेतरी. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. तेराव्याला भिंतीला काय लावायचं म्हणून बाई परतूरला अब्बांच्या दुकानात गेल्या.

"त्याच्या बापानं समदे फोटो मांडले," गयाबाई सलीमभाईंकडे बोट करून म्हणाल्या. "पुढारी व्हते, पैलवान व्हते. समदे माझ्याकडं बघून राह्यलेले. आमचे मालक कवा माझ्याकडं बघत व्हते? ह्यो एकटाच उंच चढून लांब बघत व्हता. म्हणलं, हेच."

"दाढीबी तशीच," रामकिसन म्हणाला. "खांद्यावर घोंगडं. हातात काठी."

ती काठी नसून दुर्बीण आहे, हे मी त्या दिवशी गिळलेलं सगळ्यात मोठं वाक्य. "आणि मागचं निळं?" मी विचारलं.

"फुलात आलेलं जवस. माझ्या धाकट्यानं शाळंत हेच चित्र काढलं, पहिला नंबर आला."

मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून फोटोकडे पाहिलं. फुललेल्या जवसाचं रान तसंच दिसतं, निळं आणि वाऱ्याने हलणारं. एकदा ते दिसल्यावर समुद्र पुन्हा दिसेना.

पण मी ठरवून आलेलो माणूस. जेवण झाल्यावर चादर सोडली, खंड बाहेर काढला, रिकामं पान दाखवलं. खालची ओळ वाचून दाखवली. हे चित्र मुळात या पानावरचं आहे, मी याच्यासाठी सांगलीहून आलोय, अगदी याच्यासारखंच नवीन चित्र तुम्हाला आणून देईन, असं सगळं सांगितलं. रामकिसन माझ्याकडे असा पाहत होता, की मी त्याचा बाप मापाने मागतोय.

गयाबाई पानावरून हात फिरवत होत्या. "ह्ये मालक न्हाईत, मला म्हाईत न्हाई का? डोळे शाबूत हाईत माझे," त्या अखेर म्हणाल्या. "पर आता त्यांचं तोंड आठवाया गेलं तर ह्येच येतंय. पह्यलं तोंड कवाच गेलं. आता ह्येबी न्हेलं तर म्या कोनाला आठवायचं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "म्हणूनच अगदी हुबेहूब आणतो. तुम्ही बघा, पसंत पडलं तर अदलाबदल, नाही तर नाही."

"बराबर आसंच?"

"बराबर असंच."

"आणा मंग. बगू."

मी मोबाइलने फोटोचा फोटो काढला. फ्रेम खाली उतरवायला रामकिसन तयार नव्हता, म्हणून भिंतीवर असतानाच काढला. दारातून छान ऊन येत होतं.

जालना

जालन्याला एक मोठ्या यंत्राचा छापणारा गाठला. यंत्र घुरघुरत होतं तोवर मी समोरच्या गाड्यावर मोसंबीचा रस प्यायलो आणि स्वतःवर खूश झालो. माझी योजना साधी होती. नवं चित्र जुन्यापेक्षा ताजं, रंग खुललेले, कागद जाड. म्हाताऱ्या माणसाला ताजे रंग नीट दिसतात. बाई नवं ठेवतील, मी जुनं नेईन, कुणाचंच काही जाणार नाही. इतका निर्दोष विचार मी आयुष्यात क्वचितच केला असेल.

छापणाऱ्याने प्रत समोर धरली. "बघून घ्या, काका."

मी पाहिली. मी जाणकार माणूस. कागदाचा पोत बोटाने पाहिला, कडा पाहिल्या, तांबड्याची छटा फडक्यात बरोबर उतरलीय का ते पाहिलं, मोजमाप पट्टीने घेतलं. एवढं सगळं पाहताना चित्र तेवढं पाहायचं राहिलं.

पुन्हा तीर्थपुरी

सलीमभाई परतूरहून नवी फ्रेम, काच आणि हत्यारांची पिशवी घेऊन थेट तिथे आले होते. रामकिसन होता, गयाबाई बाजेवर बसल्या होत्या. मी गुंडाळी सोडली आणि चित्र जुन्या फोटोच्या शेजारी भिंतीला धरलं.

रामकिसनने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

"ह्ये पोटात काय हाये?" त्याने विचारलं.

"कुणाच्या पोटात?"

"बापाच्या."

मी वाकून पाहिलं. कप्तानाच्या झग्यावर, छातीपासून कमरेपर्यंत, एक फिकट माणूस होता. गोल चेहरा, चष्मा, टक्कल, तोंडासमोर दोन्ही हातांनी धरलेला मोबाइल. दारातलं छान ऊन माझ्यावर पडलं होतं, मी काचेत पडलो होतो, आणि जालन्याच्या मोठ्या यंत्राने मला मोठ्या इमानदारीने जाड कागदावर उतरवलं होतं.

सलीमभाईंनी चेहरा पलीकडे केला. त्यांचे खांदे हलत होते.

गयाबाईंनी चित्र जवळ मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदा माझ्याकडे, पुन्हा चित्राकडे.

"तुमीच हाव की."

"हो. चुकून."

"बाबा, जित्या माणसाच्या फोटूला हार घालीत नसतेत." त्यांनी चित्र माझ्या हातात परत दिलं. "तुमच्या बायकूला काय वाटंल?"

बायकोला काय वाटेल याचा अंदाज मला होता, पण तो इथे सांगण्यासारखा नव्हता. मी हरायला तयार नव्हतो. म्हणालो, की या वेळी काच काढून, सावलीत, नीट फोटो घेतो आणि उद्याच नवी प्रत आणतो. सलीमभाईंनी रामकिसनकडे पाहिलं, रामकिसनने आईकडे. आईने मान हलवली. रामकिसनने हार काढून देवळीत ठेवला आणि फ्रेम उतरवली.

सलीमभाईंनी सवयीप्रमाणे पाठ वर करून ती बाजेवर ठेवली.

"पालथं नगा घालू त्यांला," गयाबाई म्हणाल्या. पदर पुन्हा पुढे आला होता.

मग सलीमभाई जमिनीवर बसले, फ्रेम दोन गुडघ्यांत उभी धरली, आणि तशा अवघड स्थितीत मागचे खिळे एकेक करून उपसले. पुठ्ठा निघाला. त्यांनी चित्राची कड नखाने उचलून पाहिली, दुसरी पाहिली, मग अंगठा फिरवला आणि थांबले.

"काचेला धरलंय, साहेब. एका साली पत्रा गळला व्हता ना, रामकिसनभाऊ? पाणी आत गेल्तं."

"म्हणजे?"

"काढलं तर तोंड काचेला राहील अन् कोरा कागद तुमच्या हातात. वाफ देऊन बघता येतंय. निघंल, न्हाई तर जाईल."

वाफ. मला पुण्यामुंबईचे कागदाचे जाणकार आठवले, त्यांच्या पेट्या, त्यांची औषधं. काचेसकट मागून घ्यावी, सांगलीला न्यावी, मग पुढचं पुढे. वाक्य ओठांवर आलं होतं. आणि रामकिसनच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, की मी मागितलं तर म्हातारी नाही म्हणणार नाही. पाहुण्याला नाही म्हणायची त्या घराची रीत नव्हती. फ्रेम माझ्या हातभर अंतरावर होती. कप्तान माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत होता.

गयाबाईंना सलीमभाईंचं नीट ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणतो सलीम?"

"काचेला चिकटलेत म्हणतो, माय," रामकिसन मोठ्याने म्हणाला. "निघत न्हाईत."

म्हातारीने हे नीट ऐकून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते हसूच होतं. तोंडात दात नव्हते म्हणून मला ओळखायला वेळ लागला.

"जलमभर पाय घरात ठरला न्हाई त्यांचा," ती म्हणाली. "आता चिकटलेत तर चिकटू द्या. कुठं जात्यात."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावा खिळे."

त्यांनी पुठ्ठा लावला, फ्रेम तशीच गुडघ्यांत उभी धरून खिळे ठोकले. आणलेली नवी काच आणि फ्रेम त्यांनी पिशवीतून बाहेरही काढली नाही. भिंतीवर लावायला मी हात पुढे केला, तर रामकिसन म्हणाला, "तुम्ही नगा चढू. तुमचं वाटूरचं आईकलंय."

चहा आला. मी नको म्हटलं नाही. निघताना गयाबाईंनी माझ्या काखेतली गुंडाळी बोटाने दाखवली. "आन् ह्येचं काय करता?"

मी खंड उघडला. रिकामं तपकिरी पान काढलं, वरच्या डिंकाच्या रेघेवर नवं चित्र ठेवून पाहिलं. मापात बरोबर बसलं. माप मी पट्टीने घेतलं होतं. सलीमभाईंनी पिशवीतून डिंकाची बाटली काढली, वरच्या कडेला एक बारीक रेघ ओढली आणि अंगठ्याने दाबून धरली. रामकिसन वाकून पाहत होता. म्हणाला, "आता झालं न पुस्तक पुरं?"

झालं. माझ्या कपाटात आज 'तांबड्या शिडाचं गलबत' तीन खंडांत उभं आहे, आणि माझ्या माहितीत तरी एवढा पुरा संच दुसऱ्या कुणाकडे नाही. दुसऱ्या खंडात तो दुधी पडदा सळसळत उचलला की तांबड्या फडक्याचा एक दाढीवाला दिसतो. त्याच्या पोटात एक टकला चष्मेवाला मोबाइल धरून उभा आहे. दोघांच्याही मागे जवस फुललंय. आणि खाली मूळची छापील ओळ तशीच आहे, एका अक्षराचा बदल नाही: 'कप्तान उंचावरून दूर पाहत राहिला.'